अकरा हजार एकशे बहात्तर अक्षरं: चाकणच्या कोरियन नोंदींची कामवही

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

परवा गणपती गेले आणि आज सकाळी फायली आल्या. काम असं: चाकणजवळ सुटे भाग बनवणारा एक कोरियन मालकीचा कारखाना आहे. त्यांच्या चांगवॉनच्या मूळ कचेरीतली जुनी माहिती (भागांची यादी, पुरवठादार, माणसांची नावं, शेरे) आमच्या नव्या डेटाबेसात आणायची. जुनी माहिती ईयूसी-केआरमध्ये (कोरियन अक्षरं बाइटांत साठवायची जुनी पद्धत), नवा डेटाबेस यूटीएफ-८मध्ये (युनिकोड साठवायची आजची पद्धत). साहेब म्हणाले, "दोन दिवसांचं काम, एक डबा उघडून दुसऱ्यात ओतायचा." साहेबांचे दोन दिवस मी ओळखून आहे. म्हणून ही वही.

मला कोरियन येत नाही. हाताशी कारखान्यातली दुभाषी आहे, आणि आमच्याकडे नुकताच लागलेला एक मुलगा. तो मला 'ताई' म्हणतो आणि प्रत्येक प्रश्नावर आधीच उत्तर टाइप करत असतो.

९ सप्टेंबर, मंगळवार

ओतण्याआधी डब्यात काय आहे ते समजून घेतलं.

शाळेत वर्ण आणि अक्षर यांतला फरक शिकवला होता, तो आज कामी आला. हांगुल या कोरियन लिपीत वर्ण थोडे आहेत: १४ मूळ व्यंजनं आणि १० मूळ स्वर. पण ते रोमनसारखे एका ओळीत लिहीत नाहीत, चौकोनात रचून अक्षर करतात. सुरुवातीचं व्यंजन, मधला स्वर, आणि असलंच तर खाली शेवटचं व्यंजन. 'हान' म्हणजे ह, आ, न हे तीन वर्ण आणि एक चौकोन. या सुट्या वर्णांना तिकडे 'जामो' म्हणतात.

जोडव्यंजनं आणि जोडस्वर धरले की सुरुवातीच्या खणात १९ पर्याय होतात, मधल्यात २१, शेवटच्यात २७. शेवटचा खण रिकामाही राहू शकतो म्हणून २८. १९ गुणिले २१ गुणिले २८ बरोबर ११,१७२. आजच्या कोरियनमध्ये घडू शकणारी सगळी अक्षरं एवढीच, प्रत्यक्ष शब्दांत येणारी असोत की नसोत.

युनिकोडने (जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या मानकाने) ती सगळीच्या सगळी, वर्णक्रमाने, एका पट्ट्यात बसवली आहेत: ४४०३२ पासून ५५२०३ पर्यंत. (सोळाच्या पद्धतीत एसी०० ते डी७ए३.) कुठलं अक्षर कुठे आहे हे बघायला तक्ता लागत नाही, पाढे पुरतात:

क्रमांक = ४४०३२ + (पहिला × ५८८) + (स्वर × २८) + शेवटचा

मोजणी शून्यापासून. ५८८ म्हणजे २१ गुणिले २८. 'हान'साठी ह अठरावा, आ शून्यावा, शेवटचा न चौथा: ४४०३२ + १०५८४ + ० + ४ = ५४६२०. पायथनला (आम्ही प्रोग्राम लिहितो ती भाषा) विचारलं, तोही हेच म्हणाला. उलट जायचं तर ४४०३२ वजा करा, ५८८ ने भागा, बाकीला २८ ने भागा, तिन्ही खण हातात.

युनिकोडची मुख्य डेटा फाइल उघडली तर गंमत. इतर बहुतेक लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला एकेक ओळ आहे. या ११,१७२ अक्षरांना मिळून दोनच ओळी: 'पहिलं' आणि 'शेवटचं'. मधल्यांचे क्रमांक, फोड, इतकंच काय इंग्रजी नावंसुद्धा नियमाने निघतात.

आपल्याकडे उलटा हिशेब. देवनागरीत वर्ण साठवायचे आणि जोडाक्षर फॉन्टने रचायचं. 'स्त्री' दिसायला एक अक्षर, साठवताना सहा चिन्हं: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ ईकार. यूटीएफ-८मध्ये अठरा बाइट. कोरियन 'हान' तीन बाइटांत मोकळा. हेवा वाटला, लपवत नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

पहिला खडा लागला.

माणसांच्या तक्त्यात एका बाईंचं नाव फुटलं आहे. त्या अभियंता आहेत, ऑक्टोबरात चाकणला येणार आहेत, आणि त्यांचं ओळखपत्र छापायचं आहे. नावाचं शेवटचं अक्षर 'मुइ': म आणि 'उइ' हा जोडस्वर, खाली काही नाही. पडद्यावर मात्र एक मोकळी जागा, सुटा म, सुटा उइ, परत एक मोकळी जागा, असं दिसतंय. एका चौकोनाच्या जागी चार तुकडे.

मुलगा म्हणाला, "ताई, डेटा करप्ट आहे." नाही. बाइट बघितले तर फार नेटके आहेत. आठ बाइट, दोन-दोनच्या चार जोड्या. पहिली जोडी 'भरणा' म्हणून ठेवलेलं एक पोकळ चिन्ह, मग म, मग उइ, मग पुन्हा भरणा (शेवटचं व्यंजन नाही म्हणून). कुणीतरी विचार करून लिहिलेलं आहे हे. एका अक्षराला दोन बाइट पुरतात तिथे आठ का खर्च केले?

कारण ईयूसी-केआर ज्या अक्षरसंचावर उभं आहे त्यात 'मुइ' नाहीच. १९८७ साली कोरियाने केएस सी ५६०१ हे मानक नव्याने ठरवलं (आता त्याला केएस एक्स १००१ म्हणतात). त्यात ११,१७२ पैकी फक्त २,३५० अक्षरं घेतली आहेत. मु, मुन, मुल यांच्या रांगेत 'मुइ' कुणाला लागेल, असं त्या वेळी वाटलं असणार. यादीत नसलेलं अक्षर लिहायची वेळ आलीच तर भरणा आणि तीन जामो असं आठ बाइटांत लिहा, अशी पळवाट मानकाच्या परिशिष्टात आहे. ती पाळणारे प्रोग्राम थोडे. पायथनचा ईयूसी-केआर वाचक पाळतो. ब्राउझर पाळत नाही, तो चार तुकडे दाखवून मोकळा होतो.

मग पायथनच्या ईयूसी-केआरनेच सगळं वाचू म्हटलं. दोनशेव्या ओळीच्या आसपास अडकला. तिथे दुसऱ्याच प्रकारचे बाइट.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

ते बाइट सीपी ९४९चे आहेत. विंडोज ९५च्या कोरियन आवृत्तीबरोबर मायक्रोसॉफ्टने हा विस्तार आणला: २,३५० अक्षरं होती तिथेच ठेवली आणि उरलेली ८,८२२ आजूबाजूच्या मोकळ्या बाइटांमध्ये भरली. बेरीज ११,१७२. सगळी आली, पण क्रम गेला. मूळ 'गा' ज्या बाइटाने सुरू होतो त्याच्या आधीच्या बाइटांवर नव्यांची मोठी भरती आहे, त्यामुळे बाइटांनुसार क्रम लावला की 'मुइ'ने सुरू होणारा शब्द 'गा'च्याही आधी येतो. कोशात 'मु'चं पान 'क'च्या आधी लावल्यासारखं.

वर घोळ असा की या विस्तारालाही लोक 'ईयूसी-केआर'च म्हणतात. ब्राउझरांचं मानक तर ते नाव वाचलं की सरळ सीपी ९४९चे नियम लावतं. म्हणजे आमच्या एकाच फायलीत एकाच नावाखाली दोन चालीरीती नांदत आहेत: कुणा जुन्या प्रोग्रामने आठ बाइटांची पळवाट वापरली, कुणी विंडोजवर बसून विस्तारातलं अक्षर टाकलं. फायलीच्या माथ्यावर लिहिलेलं नाव खरं मानायचं नाही, हे पुढच्या वेळेसाठी इथे नोंदवून ठेवते.

१५ सप्टेंबर, सोमवार

चांगवॉनला फोन. ते आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, त्यामुळे आपला सकाळचा चहा म्हणजे त्यांचं जेवण उरकलेलं. निवृत्तीला आलेले एक अभियंते बोलले, दुभाषीने मराठीत सांगितलं. मी विचारलं, सगळीच अक्षरं का घेतली नाहीत ८७ साली?

उत्तर लांबलं, पण इतक्या दिवसांत कुणी मला एवढं सरळ सांगितलं नव्हतं. त्या वेळच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे दोन बाइटांचा संच म्हणजे ९४ ओळी आणि ९४ रकाने, एकूण ८,८३६ घरं. ११,१७२ अक्षरं त्यात मावणारच नाहीत, दुसरं काहीही न ठेवता. आणि ठेवायचं तर पुष्कळ होतं: ४,८८८ हांजा म्हणजे चिनी अक्षरं, ९८६ चिन्हं. हांगुलला २५ ओळी मिळाल्या. पंचवीस गुणिले चौऱ्याण्णव बरोबर २,३५०. म्हणजे आकडा भाषेतून निघालेला नाही, तक्त्यातून निघालेला आहे. मला उगाच वाटत होतं की कुणी पंडितांनी शब्द मोजले असतील. मोजलेही असतील, पण रेघ घरं संपली तिथेच ओढली गेली.

त्याच काळात दुसरी पद्धतही वापरात होती, 'जोहाब', म्हणजे 'जोडणी'ची. सोळा बिटांचा सगळा खेळ. पहिला बिट १, मग पाच बिट पहिल्या व्यंजनाला, पाच स्वराला, पाच शेवटच्याला. पाच बिटांत ३२ पर्याय मावतात. आपल्याला हवेत १९, २१ आणि २८. तिन्ही बसतात, थोडी जागा उरते. सगळी ११,१७२ अक्षरं, कुठलंही वगळायला नको. पण हे बाइट त्या ९४ बाय ९४च्या चौकटीबाहेर सांडतात. १९९२ साली जोहाबलाही मानकाच्या परिशिष्टात जागा मिळाली, तोवर सरकारी कामकाज आणि बरेचसे प्रोग्राम २,३५०च्या वाटेने गेलेले होते. घरोघरी मात्र १९८९चा 'आरे-आ हांगुल' हा शब्दसंस्कारक पोचला होता आणि तो जोडणीच्या बाजूचा. आमच्या फोनवरच्या साहेबांनी त्याचं नाव घेताना आवाज जरा उंचावला, ते भाषांतराशिवाय कळलं.

त्यांनी एक वाक्यही दिलं, तिकडचे प्रोग्रामर चाचणीला वापरतात ते: 'जीपमधून आलेला पेप्सीमॅन आणि आखूड पायांचा त्तोमबांग गाखा'. अर्थ शोधायचा नाही. त्यातली जीप, पेप्सी, आखूडपणा आणि 'त्तोम' यांसाठी मुद्दाम निवडलेली चारही अक्षरं २,३५०च्या बाहेरची आहेत. प्रोग्राम हे वाक्य धडपणे दाखवू शकला तर उरलेलंही दाखवेल. आमच्या चाचण्यांमध्ये घातलं. पहिल्याच फेरीत पेप्सीमॅन प्रश्नचिन्ह झाला.

१७ सप्टेंबर, बुधवार

मुलाने नाव 'दुरुस्त' केलं. ओळखपत्रावर 'मुइ' एकसंध, सुंदर. कसं केलं विचारलं, तर सगळ्या मजकुरावर एनएफकेसी (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका साच्यात आणायची युनिकोडची रीत) चालवलं म्हणाला. शाबास म्हटलं. घाईच केली.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

कारखान्यातून फोन: फाटकावरच्या यंत्रात त्या बाईंचं नाव टाइप केलं तर सापडत नाही. यादीत डोळ्यांनी दिसतं, शोधलं तर नाही. मुलाने दोन्ही नावं शेजारी ठेवून दाखवली, अगदी जुळी. मी दोघांची लांबी मोजायला सांगितली. यादीतलं नाव दोन चिन्हांनी लांब निघालं.

आता उलगडतं ते असं. युनिकोडमध्ये जामो मुख्यतः दोन ठिकाणी आहेत. एक पट्टा खऱ्या जोडणीचा: तिथे पहिला न वेगळा आणि शेवटचा न वेगळा, दोघांचे क्रमांक वेगळे. दुसरा पट्टा जुन्या मानकातल्या सुट्या, दाखवण्यापुरत्या जामोंचा: तिथे न एकच, पहिलेपण-शेवटपण काही नाही. आमचे चार तुकडे या दुसऱ्या पट्ट्यातले. एनएफकेसी दुसऱ्या पट्ट्यातल्या जामोंना पहिल्या पट्ट्यात ढकलतं आणि मग जुळणाऱ्यांना जोडतं. म आणि उइ जुळले, 'मुइ' झालं. दोन्ही कडेचे भरणे मात्र 'पोकळ स्वर' होऊन तिथेच बसून राहिले. त्यांना रूप नाही, रुंदी नाही. कागदावर दिसणार नाहीत आणि तुलनेतून सुटणार नाहीत.

'मुइ'ला शेवटचं व्यंजन नव्हतं म्हणून निदान नाव तरी जमलं. असतं तर आणखी वाईट. सुटे ह, आ, न एनएफकेसीला दिले तर 'हान' होत नाही, 'हा' होतो आणि पुढे लटकलेला न. कारण साधं व्यंजन दिसलं की ते त्याला सुरुवातीचंच समजतं.

शेऱ्यांच्या रकान्यातही पडझड झाली आहे. तिकडे हसण्यासाठी सुटे ख लिहितात, 'ख्ख्ख', आपल्या 'हाहा'सारखं. एका पर्यवेक्षकाने पुरवठादाराच्या उशिरावर असा शेरा मारला होता. एनएफकेसीने ते सगळे ख जोडणीच्या पट्ट्यात नेले, आणि आता प्रत्येक ख स्वराची वाट पाहत उभा आहे.

मुलाचं तोंड उतरलं. त्याला सांगितलं, मीच शाबास म्हटलं होतं, तेव्हा अर्धी चूक माझी. मूळ फायली जपून ठेवल्या आहेत, त्यावरून पुन्हा करू.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. दुपारपर्यंतच काम, पण महत्त्वाचं झालं.

ठरलेली रीत: सगळं सीपी ९४९ने वाचायचं. मग मजकुरात 'भरणा, व्यंजन, स्वर, व्यंजन किंवा भरणा' असा चौकडीचा साचा शोधायचा आणि सापडला तिथेच, फक्त तिथेच, सूत्राने अक्षर करायचं. सुट्या जामोंना हात लावायचा नाही. हसणाऱ्याला हसू द्यायचं.

एका ठिकाणी अडलो. मला वाटलं सुट्या पट्ट्यातून पहिल्या व्यंजनाचा अनुक्रम काढायला १२५९३ वजा केलं की झालं. ग आला शून्य, जाड ग आला एक, आणि न आला तीन! हवा होता दोन. त्या पट्ट्यात ग आणि न यांच्या मध्ये 'ग्स' ही शेवटीच येणारी जोडी बसलेली आहे. सुरुवातीच्या आणि शेवटच्या व्यंजनांची तिथे खिचडी आहे. म्हणून १९ व्यंजनांचा छोटा तक्ता हाताने लिहिला. शेवटच्या २७ साठी वेगळा. पाढे पुरतात असं मी ९ तारखेला लिहिलं होतं. ते अक्षरांच्या पट्ट्यापुरतं खरं.

'मुइ': म सहावा, उइ एकोणिसावा, शेवटी शून्य. ४४०३२ + ३५२८ + ५३२ + ० = ४८०९२. तीन बाइट. फाटकावर शोधून पाहिलं. सापडल्या.

२४ सप्टेंबर, बुधवार

रकान्याची लांबी बाइटांत धरलेली, २०. जुन्या पद्धतीत दहा अक्षरं मावायची. यूटीएफ-८मध्ये सहा, आणि वर दोन बाइट सातव्याचं मुंडकं. भागांची लांब नावं शेवटी कापली गेली होती. लांबी अक्षरांत मोजायला लावली. मराठीत हे प्रत्येकाने भोगलेलं आहे, जास्त लिहीत नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आजचं काम मला फार आवडलं.

यंत्राचे संदेश तयार साच्यातून येतात: 'अमुक-ला नोंदवलं', 'अमुक-कडे पाठवलं'. कोरियनमध्ये नामाला लागणारा प्रत्यय नाम कशाने संपतं त्यावर बदलतो. शेवटी व्यंजन असेल तर कर्माला 'उल', स्वर असेल तर 'रुल'. कर्त्याला तसेच 'इ' आणि 'गा'. जुना प्रोग्राम दोन्ही लिहून मोकळा व्हायचा, एक कंसात, आपल्या सरकारी अर्जावरच्या 'तो/ती'सारखा. दुभाषी म्हणाली, वाचवत नाही ते.

सूत्राने हे चिमटीत सुटतं. शेवटच्या अक्षराच्या क्रमांकातून ४४०३२ वजा करा, २८ ने भागा, बाकी शून्य तर स्वरान्त, नाहीतर व्यंजनान्त. एका ओळीचा कोड. एकच अपवाद सांभाळायचा: दिशा दाखवणारा प्रत्यय. व्यंजनानंतर 'उरो', स्वरानंतर 'रो', पण शेवटी ल असेल तर तोही स्वरासारखाच वागतो. पुसानला जायचं तर 'पुसान-उरो', सोलला जायचं तर 'सोल-रो'. ल शेवटच्या खणात आठवा. बाकी शून्य किंवा आठ आली की 'रो'.

मुलगा म्हणाला, "ताई, मराठीत पण असं करता येईल ना?" म्हटलं, करून बघ. 'नागपूर'ला 'ला' लावलं की 'नागपूरला'. 'पुणे'ला लावलं की 'पुण्याला'. 'सातारा' झाला 'साताऱ्याला'. आमचं सामान्यरूप भागाकाराच्या बाकीत मावत नाही. म्हणून तर मराठी ॲप अजून 'पुणे ला' आणि 'सातारा ला' असं, मध्ये फट सोडून बोलतात. 'साताऱ्या'तल्या त्या ऱ वर जायचा मोह आवरला. तो स्वतंत्र चिन्ह म्हणून एक क्रमांक, नुक्ता लावून लिहिला तर दोन, आणि एनएफसी (एनएफकेसीचाच सौम्य प्रकार) त्यांना एक करतं. तो विषय वेगळ्या वहीचा.

२९ सप्टेंबर, सोमवार

शोधपेटी. कोरियन माणसं फोनमधलं नाव पूर्ण टाइप करत नाहीत, नुसती सुरुवातीची व्यंजनं देतात. 'ह ग' दिलं की 'हान-गुल' सापडला पाहिजे. प्रत्येक अक्षरातून ४४०३२ वजा, ५८८ ने भाग, आला अनुक्रम, २२ तारखेच्या तक्त्यातून व्यंजन, झालं. तासाभरात चालू.

पण टाइप करता करता शोध घेणारा भाग येडचाप वागतोय. 'हाना' शोधताना कळा चार: ह, आ, न, आ. तिसऱ्या कळीला पडद्यावर 'हान' होतं, कारण न शेवटच्या खणात जाऊन बसतो. चौथी कळ दाबली की तो न तिथून उठतो आणि पुढच्या अक्षराचा पहिला होतो: 'हाना'. प्रचलित कळफलकावर व्यंजनांचा एकच संच आहे, त्यामुळे पुढची कळ येईपर्यंत यंत्राला न कुणाचा हे कळूच शकत नाही. या उडीला तिकडे 'दोक्केबीबुल' म्हणतात. दोक्केबी म्हणजे त्यांचं भूत, बुल म्हणजे आग. रानात इथे दिसून तिथे विझणारा भुताचा दिवा. आपल्याकडच्या चकव्याचा चुलतभाऊ. आमची पेटी दिवा दिसला की लगेच धावत होती आणि 'हान'वाल्यांची यादी आणत होती. आता अक्षर पक्कं झाल्याचा इशारा आला की मगच शोधते.

क्रमवारीचा प्रश्न आपोआप सुटला. युनिकोडचा क्रम हा दक्षिण कोरियाच्या कोशाचाच क्रम आहे. उत्तरेचा वेगळा: तिथे जाड व्यंजनं सगळ्या साध्या व्यंजनांनंतर येतात. त्यांचं मानकही स्वतंत्र, २,६७९ अक्षरांचं, आणि त्यात नेत्यांच्या नावांची अक्षरं पुन्हा एकदा, ठळक, वेगळ्या क्रमांकांवर ठेवलेली. आम्हाला लागत नाही. लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

भागांचे फोटो आले. चांगवॉनच्या चित्रकाराकडे मॅक आहे. फायलींची नावं विंडोजवर ह-आ-न-ग-उ-ल अशी उसवून पडलेली, आणि डेटाबेसातल्या नावांशी एकही जुळेना. मॅकची जुनी फाइल व्यवस्था नावं सुटी करून ठेवायची. म्हणजे ५४६२० च्या जागी ४३७०, ४४४९, ४५२३. तीन बाइटांच्या जागी नऊ. दोन्ही युनिकोडच्या लेखी एकच अक्षर, पण बाइटांच्या लेखी अनोळखी.

हे खऱ्या जोडणीच्या पट्ट्यातले जामो, म्हणून इथे साधं एनएफसी चालतं. मुलाने विचारूनच लावलं. "एनएफसी ना ताई, के नाही ना?" दोनदा विचारलं. उद्या दसरा, सुट्टी.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

तिकडे आजपासून सुट्ट्या. राष्ट्रस्थापना दिन, मग छुसक, म्हणजे त्यांचा पौर्णिमेचा मोठा सण, आणि शेवटी ९ तारखेला हांगुल दिन. आठवडाभर कुणी फोन उचलणार नाही, म्हणून राहिलेलं दस्तऐवज लिहायला घेतलं.

मुलाने विचारलेला प्रश्न त्यात घालायचा आहे: दोन पट्ट्यांत जामो, वर तयार अक्षरं, हा पसारा युनिकोडवाले आवरत का नाहीत? एकदा आवरला होता, आणि तो त्यांना पुरून उरला. १९९१च्या पहिल्या आवृत्तीत ती २,३५०च अक्षरं घेतली होती. १९९३च्या १.१मध्ये आणखी भर पडली, एकूण ६,६५६, तीन तुकड्यांत. तरी अपुरीच, आणि तुकड्यांमुळे क्रमही मोडलेला. मग १९९६ साली २.० आवृत्तीत ती सगळीच्या सगळी उचलून आजच्या पट्ट्यात, पूर्ण ११,१७२ करून, वर्णक्रमाने मांडली. जुनी जागा रिकामी केली, आणि पुढे त्याच जागेवर बहुतांश चिनी अक्षरं आली. म्हणजे १.१ मध्ये लिहून ठेवलेला कोरियन मजकूर आजच्या यंत्राने वाचला तर चिनी दिसेल. तांत्रिक लोकांत याला 'कोरियन घोळ' असंच नाव पडलं. त्यानंतर नियम झाला की एकदा दिलेला क्रमांक परत घ्यायचा नाही, हलवायचा नाही. जगातल्या कुठल्याही लिपीत आज चुकून बसलेलं चिन्ह जन्मभर तिथेच राहणार. आपल्या देवनागरीलाही तोच नियम.

स्थलांतर झालं नसतं तर माझं ९ तारखेचं सूत्र नसतं, हेही खरं.

८ ऑक्टोबर, बुधवार

शेवटचं शेपूट. उद्याच्या हांगुल दिनासाठी चाकणच्या कॅन्टीनमध्ये फलक लावायचा आहे. सुट्टीआधी चांगवॉनने मजकूर पाठवला होता: राजा सेजोंगने १४४६ साली लिपी जाहीर केली, त्या ग्रंथाची कोरियन रूपातली सुरुवातीची ओळ. आमच्या फॉन्टमध्ये त्यातलं एक अक्षर फाटलं.

तेव्हा वर्ण २८ होते, आज २४. गळालेल्या चौघांत एक स्वर आहे, 'आरे-आ', नुसता एक ठिपका. जेजू बेटाच्या बोलीत तो अजून लिहितात, आणि त्या ८९च्या शब्दसंस्कारकाने नाव घेतलं ते यावरूनच. २१ आधुनिक स्वरांत तो नाही, तेव्हा ११,१७२ मध्ये त्याचं एकही अक्षर नाही. तिथे तयार चौकोन मिळणार नाही. सुरुवातीचा जाड स आणि हा ठिपका असे दोन जामो शेजारी ठेवायचे आणि फॉन्टने रचायचं. म्हणजे देवनागरीचीच पद्धत. जुन्या हांगुलसाठी लागणारे आणखी जामो २००९ साली, ५.२ आवृत्तीत, दोन नव्या पट्ट्यांत आले. त्यातला एक थेट ५५२०३च्या पाठीमागच्या बोळात बसवला आहे.

फॉन्ट बदलला, ठिपका जागेवर आला. पण आमच्या प्रत्ययाच्या फंक्शनला हे अक्षर दिलं तर ४४०३२ वजा करून ऋण आकडा येतो आणि ते आनंदाने 'उल' लावतं. भागांच्या यादीत आरे-आ येणार नाही हे दुभाषीने हसत सांगितलं. तरी पट्ट्याबाहेरचं काही आलं तर प्रत्यय न लावता थांबायचं, अशी अट घातली. चाचण्यांत पेप्सीमॅनच्या खाली ती ओळ जोडली.

बाई सोमवारी येणार आहेत. ओळखपत्र पुन्हा छापून घेतलं. आधीचं दिसायला बरोबर होतं, पण त्याच्या मागच्या पट्टीत ते दोन पोकळ स्वर अजून आहेत. मुलाला ते फाडायला सांगितलं. त्याने टेबलाच्या काचेखाली ठेवलंय.